धुकं पुसायचं बटण

गेल्या पावसाळ्यात आम्ही चौघं कोल्हापूरहून सावंतवाडीला निघालो होतो. मुलाने नवी गाडी घेतली होती. आजऱ्यापर्यंत त्यानेच चालवली. तिथे चहा झाल्यावर म्हणाला, “बाबा, पुढचा रस्ता तुमच्या पायाखालचा. तुम्ही घ्या.” आंबोली घाट मी तीस वर्षं उतरतो आहे, त्यामुळे मलाही मोह झाला.

घाटाच्या तोंडाशी पाऊस वाढला. गाडीत ओल्या छत्र्या, ओले कपडे आणि चौघांचे श्वास. दुसऱ्या-तिसऱ्या वळणाला पुढची काच आतून पांढरी होऊ लागली. माझा डावा हात सवयीने डॅशबोर्डवर गेला. जिथे नॉब असायला हवा होता तिथे गुळगुळीत पडदा होता आणि त्यावर नकाशा. नकाशाच्या तळाशी पंख्याचं बारीक चित्र दिसलं, ते दाबलं. नवं पान उघडलं. त्यावर माणसाची, बाणांची, काचेची अशी अनेक चित्रं. त्यातलं एक दाबलं, तर मागची काच तापायला लागली. “अहो, समोर दिसतंय का काही?” पत्नीने विचारलं. मागून मुलगा म्हणाला, “बाबा, तोंडाने सांगा, ती ऐकते.” मी सांगितलं. तिने अदबीने जवळपासची हॉटेलं शोधून दिली. शेवटी पत्नीने ओढणीने काच पुसली आणि मी दरडीच्या बाजूला, जरा रुंद जागा बघून गाडी उभी केली.

आमचं काहीच बिघडलं नाही. पण ताशी तीस किलोमीटर वेगानेसुद्धा गाडी सेकंदाला आठ मीटरहून जास्त पुढे जाते. माझी पाच-सहा सेकंदं पडद्याकडे बघण्यात गेली असतील, म्हणजे चाळीस-पन्नास मीटर घाट मी न बघता उतरलो होतो. ती रात्र मला नीट झोप लागली नाही.

मी पेशाने संशोधक नाही. सहकारी बँकेत नोकरी केली. यंत्रांच्या इतिहासाचा नाद मात्र जुना. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी चकरा मारून गोळा केलेली मोटारींची जुनी मॅन्युअलं घरात दोन कपाटं भरून आहेत. आंबोलीहून परतल्यावर ती सगळी खाली काढली. प्रश्न एकच होता. पाऊस-थंडीत काच स्वच्छ ठेवणं आणि आतल्या माणसांना सुखाने बसता येणं, एवढ्या साध्या कामाचं बटण हरवलं कसं? जे हाती लागलं ते वाचकांपुढे ठेवतो.

आधी थंडी, मग उकाडा

सुरुवातीच्या मोटारी उघड्याच असत. थंड मुलखातले लोक घोडागाडीतलीच युक्ती मोटारीत वापरत: जाड घोंगड्या, पायाखाली तापवलेल्या विटा किंवा निखाऱ्यांची पेटी. मोटारी बंदिस्त झाल्या तेव्हा इंजिनाची वाया जाणारी उष्णता आत घेण्याची कल्पना पुढे आली. पहिला मार्ग एक्झॉस्टच्या नळीभोवतीची गरम हवा आत सोडण्याचा. त्यात हवेबरोबर विषारी धूर आत येण्याचा धोका होता. दुसरा मार्ग जास्त शहाणपणाचा ठरला. इंजिन थंड ठेवणारं पाणी स्वतः गरम होतं. तेच एका छोट्या रेडिएटरमधून फिरवायचं आणि त्यावरून पंख्याने हवा सोडायची. आजही पेट्रोल-डिझेलच्या बहुतेक गाड्यांतला हीटर याच तत्त्वावर चालतो.

या हीटरला शिस्त लावली ती अमेरिकेतल्या नॅश कंपनीने. या कंपनीची १९३७ साली केल्व्हिनेटर या फ्रिजवाल्या कंपनीशी जोडणी झाली होती. १९३८ च्या नॅश गाड्यांत बाहेरची ताजी हवा गाळून, गरम करून आत सोडण्याची सोय आली. पुढच्या वर्षी तिला थर्मोस्टॅट जोडला गेला आणि तिचं नाव पडलं ‘वेदर आय’. चालकाने किती ऊब हवी ते ठरवायचं, बाकीचं यंत्राने सांभाळायचं, ही कल्पना इतकी जुनी आहे.

गारव्याचा प्रारंभ मात्र विचित्र झाला. कारखान्यातूनच एसी बसवून मिळणारी पहिली गाडी पॅकार्डची. ती १९३९ च्या नोव्हेंबरात शिकागोच्या प्रदर्शनात दाखवली गेली आणि १९४० च्या मॉडेलांवर विकायला आली. किंमत होती २७४ डॉलर. थंड करणारी नळ्यांची जाळी मागच्या सीटच्या पाठीमागे होती, त्यामुळे डिकीतली बरीच जागा ती खाऊन टाकायची. खरी गंमत पुढेच आहे. हा एसी बंद करायला बटणच नव्हतं. कॉम्प्रेसर इंजिनाला पट्ट्याने कायमचा जोडलेला. गारवा नको असेल तर गाडी थांबवायची, इंजिन बंद करायचं, खाली उतरून बॉनेट उघडायचं आणि पट्टा काढून ठेवायचा. पुन्हा हवा असेल तर पुन्हा तेच उलट. १९४१ नंतर पॅकार्डने हा एसी बंद केला. तो महाग होता, अवजड होता, पण मला वाटतं त्याच्या अपयशात त्या नसलेल्या बटणाचाही वाटा असावा.

माझ्या घाटातल्या वैतागाला इतका मोठा पूर्वज सापडल्यावर मला जरा बरं वाटलं. गाडी थांबवल्याशिवाय हवा बदलता येत नाही, ही तक्रार ऐंशी वर्षांहून जुनी निघाली.

युद्धानंतर परिस्थिती बदलली. १९५३ च्या क्रायस्लर इम्पीरियलमध्ये ‘एअरटेम्प’ नावाचा एसी आला. त्याला डॅशबोर्डवर एकच स्विच होता आणि त्याच्या तीन पायऱ्या: कमी, मध्यम, जास्त. १९५४ मध्ये नॅशने त्याहून मोठी मजल मारली. हीटर, ताजी हवा आणि एसी ही तिन्ही कामं एकाच यंत्रणेत आणून ती गाडीच्या पुढच्या भागात बसवली आणि त्यांची नियंत्रणं चालकाच्या हाताशी आणली. पुढे सगळ्यांनी हीच मांडणी उचलली. १९६९ पर्यंत अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या निम्म्याहून अधिक नव्या गाड्यांत एसी होता.

तीन दांड्या

इथून पुढची तीसेक वर्षं मी या इतिहासातली सुबत्तेची मानतो. माझ्या संग्रहातल्या या काळातल्या मॅन्युअलांत गार-गरमचं प्रकरण पान-दीड पानात संपतं. कारण सांगण्यासारख्या गोष्टीच तीन होत्या. हवा किती गरम हवी, किती जोरात हवी आणि कुठे हवी: काचेवर, तोंडावर की पायांवर. प्रत्येक गोष्टीला एक दांडी किंवा एक गोल नॉब.

दांडीच्या मागे लवचीक नळीतून जाणारी पोलादी तार असायची. दांडी सरकवली की तार ओढली जायची आणि आतली झडप हलायची. गरम आणि गार हवेच्या वाटा जिथे एकत्र येतात तिथे ही झडप असते. ती इकडे झुकली की गरम हवा जास्त, तिकडे झुकली की गार. दांडी सरकवताना हाताला झडपेचं वजन कळायचं. कुठपर्यंत आली, अडकली का, तार तुटली का, हे बोटांना समजायचं. डोळे रस्त्यावर आणि हात कामावर, ही वाटणी त्यात आपोआप साधली जायची.

हाताला कळण्याचं मोल किती, हे दुसऱ्या महायुद्धात विमानदलाने जीव गमावून शिकलं होतं. अमेरिकेची बी-१७ बॉम्बफेकी विमानं जमिनीवर उतरल्यानंतर वैमानिक कधी कधी पंखांवरचे फ्लॅप मिटवण्याऐवजी चाकंच मिटवत आणि विमान पोटावर आपटे. अल्फोन्स चपानिस या तरुण मानसशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की दोन्ही स्विच शेजारी-शेजारी होते आणि दिसायला, हाताला सारखेच होते. त्याने सुचवलेला इलाज पोरखेळ वाटावा इतका साधा होता: चाकांच्या दांडीला चाकासारखा गोल तुकडा लावायचा, फ्लॅपच्या दांडीला पाचरीसारखा. बोट लागलं की अंधारातही कळावं. माणसाची चूक म्हणून ज्याची नोंद होत होती, ती मांडणीची चूक होती. हे वाक्य मी माझ्या वहीत दोनदा लिहून ठेवलं आहे.

आकडा सांगा, बाकी विसरा

१९६४ मध्ये कॅडिलॅकने ‘कम्फर्ट कंट्रोल’ आणलं. चालकाने तापमानाचा आकडा लावायचा, मग ऊन असो की बर्फ, यंत्रणा हीटर आणि एसी दोन्हींचा मेळ घालून तो आकडा राखणार. मोटारीतलं हे पहिलं स्वयंचलित हवामान नियंत्रण. कल्पना उत्तम होती आणि आजही आहे. विदर्भातल्या मे महिन्यात रोज दोनशे किलोमीटर फिरणाऱ्या माणसाला विचारा, तो या सोयीला नावं ठेवणार नाही.

पण इथे एक बारीक गोष्ट घडली. दांडी झडपेला जोडलेली होती, आकडा मात्र इच्छेला जोडलेला होता. मधलं सगळं झाकलं गेलं. डोनाल्ड नॉर्मन या अभ्यासकाने १९८८ च्या आपल्या पुस्तकात, रोजच्या वस्तूंच्या मानसशास्त्राबद्दल लिहिताना, स्वतःच्या फ्रिजचं उदाहरण दिलं आहे. त्या फ्रिजला दोन नियंत्रणं होती, त्यामुळे खालच्या-वरच्या कप्प्यांची दोन स्वतंत्र यंत्रं आहेत असं वाटे. प्रत्यक्षात थंड करणारं यंत्र एकच होतं. माणूस समोरच्या बटणांवरून आतल्या यंत्राचं चित्र मनात काढतो, आणि चित्र चुकलं की बटणंही चुकतात.

मोटारीत हे रोज दिसतं. उन्हात तापलेल्या गाडीत बसल्यावर आपण आकडा तळाला नेतो, लवकर गार व्हावी म्हणून. आकडा २४ वर असता तरी यंत्रणेने तेव्हा सगळी ताकद लावलीच असती. दहा मिनिटांनी आपण कुडकुडतो आणि आकडा वर नेतो. एसीचा दुसरा गुण तर बहुतेकांना ठाऊकच नसतो. एसी हवेतलं पाणी काढून घेतो. म्हणून पावसात थंडी वाजत असतानाही काच साफ करायला एसी चालू हवा, हवा गरम हवी आणि बाहेरची ताजी हवा आत यायला हवी. आतलीच हवा फिरवत ठेवली तर सगळ्यांच्या श्वासातली वाफ आतच राहते. घाटात आमची काच पांढरी झाली ती यामुळे. याउलट दमट हवेत गाडी फार गार केली आणि काच बाहेरून धूसर झाली, तर इलाज वायपर आणि एसी थोडा कमी करणं. आतलं धुकं वेगळं, बाहेरचं वेगळं. काचेवर बोट फिरवलं की कळतं कुठलं ते.

पडदा

पडद्याची सुरुवात आपण समजतो त्याहून बरीच आधीची. १९८६ च्या ब्यूक रिव्हिएरा गाडीत डॅशबोर्डच्या मधोमध एक छोटा टीव्हीसारखा पडदा होता. बोटाने स्पर्श करून त्यावर रेडिओ आणि हवा दोन्ही चालवायचं. रस्त्यावरून नजर काढावी लागते, ही तक्रार तेव्हाच झाली. काही वर्षांतच ब्यूकने पडदा काढून पुन्हा बटणं बसवली.

२००१ मध्ये बीएमडब्ल्यूने आपल्या मोठ्या गाडीत ‘आयड्राइव्ह’ आणलं. एक गोल नॉब आणि त्याच्या पोटात शेकडो कामं. तिच्यावर भरपूर टीका झाली. २०१२ मध्ये टेस्लाच्या मॉडेल एसमध्ये सतरा इंची पडदा आला. २०१७ च्या मॉडेल थ्रीमध्ये तर हवेचा झोत कुठल्या दिशेला जावा हेही पडद्यावर बोट फिरवून ठरवायचं. झरोक्याची पट्टी बोटाने वर-खाली करणं ही मोटारीतली बहुधा सर्वात साधी क्रिया. तीसुद्धा काचेखाली गेली.

हे का झालं? मला तीन कारणं दिसतात. पहिलं पैशाचं. प्रत्येक बटणाला साचा हवा, वायर हवी, जोडणारा हात हवा. पडदा एकदा बसवला की त्यावर कितीही बटणं रंगवता येतात. दुसरं, पडदा तसाही लागणारच होता. अमेरिकेत मे २०१८ पासून प्रत्येक नव्या गाडीला मागचं दाखवणारा कॅमेरा सक्तीचा झाला, मग त्याचं चित्र कुठेतरी दिसायला हवंच. तिसरं कारण दुकानातलं. शोरूममध्ये गाडी उभी असते. उभ्या गाडीत मोठा चकचकीत पडदा फार सुंदर दिसतो. घाट तिथे नसतो.

पडद्याच्या बाजूनेही बोलायला हवं. विजेच्या गाडीत घरातून निघण्याआधीच फोनवरून गाडी गार करून ठेवता येते, नवी सोय कारखान्यात न जाता मिळते. माझा मुलगा हे सगळं मजेत वापरतो. त्याची बोटं त्या काचेवर वाढली आहेत. पण उभ्या गाडीतली सोय आणि धावत्या गाडीतली सोय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सेकंदांचा हिशेब

२०२२ मध्ये स्वीडनच्या ‘वी बिलॅगारे’ या मोटारविषयक नियतकालिकाने एक साधी परीक्षा घेतली. अकरा नव्या गाड्या आणि एक सतरा वर्षं जुनी, २००५ ची व्होल्वो व्ही-७०. गाडी ताशी ११० किलोमीटरवर ठेवायची आणि ठरलेली कामं करायची: सीट गरम करणं, तापमान दोन अंशांनी वाढवणं, काचेवरचं धुकं घालवणं, रेडिओ लावणं आणि अशीच आणखी काही. चालकांना गाडीशी ओळख करून घ्यायला आधी वेळ दिलेला होता. बटणांच्या जुन्या व्होल्वोत सगळी कामं दहा सेकंदांत झाली, तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. सर्वात मागे पडलेल्या नव्या गाडीला ४४.९ सेकंद लागले, अंतर १३७२ मीटर. म्हणजे जवळजवळ दीड किलोमीटर.

कायद्यालाही या प्रश्नाची दखल घ्यावी लागली. जर्मनीत एका चालकाने पावसात वायपरचा वेग पडद्यावरून बदलताना गाडी रस्त्याबाहेर घातली. २०२० मध्ये कार्ल्सरूहच्या वरिष्ठ न्यायालयाने त्याला झालेला दंड कायम ठेवला. गाडीत कायमचा बसवलेला पडदाही लक्ष विचलित करणारं उपकरण ठरू शकतो, असा त्याचा अर्थ. न्याय चुकला असं मी म्हणत नाही. पण वायपर पडद्यावर नेणारा त्या न्यायालयापुढे उभा नव्हता, एवढं मात्र मनात येतं.

उद्योगातही वारं फिरलं आहे. फोक्सवॅगनच्या आठव्या पिढीच्या गोल्फमध्ये तापमानासाठी स्पर्शाची पट्टी दिली होती आणि सुरुवातीला तिला रात्री दिसेल असा दिवाही नव्हता. तक्रारी इतक्या आल्या की या मांडणीने आपलं बरंच नुकसान केलं, हे कंपनीच्या प्रमुखांनी कबूल केलं. आवाज, दोन्ही बाजूंचं तापमान, पंखा आणि धोक्याचे दिवे यांना पुढच्या गाड्यांत खरी बटणं असतील, असं कंपनीच्या रचनाप्रमुखांनी २०२५ मध्ये जाहीर केलं. युरोपात गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅप संस्थेच्या २०२६ पासूनच्या नियमांत इंडिकेटर, धोक्याचे दिवे, वायपर, हॉर्न आणि आणीबाणीची हाक यांना प्रत्यक्ष बटण असेल तरच पूर्ण गुण आहेत. त्या यादीत काचेवरचं धुकं नाही. ते असायला हवं, हे माझं मत मी इथे नोंदवून ठेवतो.

आपल्याकडची त्रिकोणी काच

आपल्याकडे हा इतिहास वेगळ्या वाटेने आला. माझे धाकटे मामा मुंबईत काळी-पिवळी चालवत. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फिएट, पुढे तिचं नाव पद्मिनी झालं. तिचा एसी म्हणजे पुढच्या दारातली त्रिकोणी काच. ती फिरवली की धावत्या गाडीचा वारा थेट छातीवर. पावसाळ्यात मामा पुढच्या काचेवर तंबाखू चोळत. मला वास आवडायचा नाही, पण काच स्वच्छ राहायची. त्यांच्या मते मुंबईत गाडी चालवायला तीन गोष्टी लागतात: हॉर्न, देव आणि तंबाखू.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. तिच्यात एसी असलेली आणि नसलेली अशा दोन तऱ्हा होत्या. लहान इंजिनाच्या गाडीत चढ आला की एसी बंद करायचा आणि माथ्यावर पोचल्यावर पुन्हा लावायचा, ही आमच्या पिढीची सवय तेव्हाची. त्या सवयीत बटण कुठे आहे हे शोधावं लागत नसे. मुंबईत निळ्या ‘कूल कॅब’ आल्या तेव्हा मामा म्हणाले होते, “काचा बंद केल्यावर मुंबई दिसणार कशी?” २०२३ च्या ऑक्टोबर अखेरीस मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी उतरली. मामा तोवर राहिले नव्हते. त्याच वर्षी डिसेंबरात केंद्र सरकारने नव्या ट्रकांच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा करणारी अधिसूचना काढली. इंजिनाच्या धगीत दिवस काढणाऱ्या ड्रायव्हरला हा न्याय फार उशिरा मिळाला. त्याच्या हाताशी येणारं बटण मात्र जाड, दणकट आणि न बघता सापडणारं असावं, एवढीच इच्छा.

झडप तीच

लेखाचं टिपण काढून झाल्यावर मी मुलाची गाडी घेऊन कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका ओळखीच्या एसी मेकॅनिककडे गेलो. बिघाड काही नव्हता. नुसतं आत काय आहे ते बघायचं होतं. त्याने पायाजवळचं झाकण काढलं, टॉर्च मारली. अंधारात एक काळी पट्टी हळूच झुकताना दिसली. शेजारी काडेपेटीएवढी एक मोटर.

“काय न्हाई साहेब,” तो म्हणाला, “आत झडप तीच हाय. आधी तार वढायची, आता मोटर वढती.”

बाहेर येऊन आम्ही बापलेक गाडी उभी करून बसलो. मुलाने पडद्यावर मागे जाऊन, पुढे जाऊन, धुकं घालवायचं चित्र पहिल्याच पानावर आणून ठेवता येतं हे शोधून काढलं. ते त्याने डाव्या हाताच्या पहिल्या कोपऱ्यात ठेवलं. पुढच्या काचेच्या चित्राला वाकडी कड असते, मागच्या काचेचं चौकोनी असतं, हेही मी त्याच दिवशी नीट बघितलं. मग घरातल्या जुन्या डब्यातून खरखरीत कापडी चिकटपट्टीचा एक तुकडा कापून मी पडद्याच्या कडेला, बरोबर त्या कोपऱ्यापाशी लावला. बोटाला खरखर लागली की खाली तेच बटण.

मुलगा म्हणाला, “बाबा, नवीन गाडी आहे हो.” पण त्याने तो काढला नाही. श्रावणात पुन्हा आंबोली उतरलो तेव्हा गाडी तोच चालवत होता. तिसऱ्या वळणाला काच धुरकटली, आणि त्याचा डावा हात रस्त्यावरून नजर न काढता त्या तुकड्यापाशी गेला.